दोन बोटी, एक महापूर : कृष्णा-पंचगंगा, ऑगस्ट २०१९

ऑगस्ट २०१९च्या दुसऱ्या आठवड्यात दोन बोटींची दृश्ये महाराष्ट्रभर फिरली. एका बोटीत राज्याचे तत्कालीन जलसंपदा मंत्री गिरीश महाजन होते. मोबाइलने चित्रीकरण सुरू होते आणि ते हसत हात हलवत होते. दुसरी बोट सांगली जिल्ह्यातल्या पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळची, ८ ऑगस्टला उलटलेली. तिच्यातली १७ माणसे गेली. त्यांत बायका आणि लेकरे होती.

संताप पहिल्या बोटीवर तुटून पडला आणि ते योग्यच होते. पण नेतृत्वाचा खरा हिशेब दुसऱ्या बोटीपाशी मागायला हवा होता आणि तो धड मागितलाच गेला नाही. या प्रकरणाकडे पुन्हा पाहायचे ते त्यासाठी.

पाणी कसे चढले

कोल्हापुरात पावसाळा फुटांत मोजतात. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी. शिवाजी पुलाच्या दगडी खांबावरच्या खुणेला पाणी टेकले की ‘मच्छिंद्री झाली’ म्हणतात आणि अर्धे गाव ते बघायला पुलावर येते. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडल्याची बातमी आली की नदीकाठचे लोक जनावरे हलवायला लागतात. सांगलीत हाच मान कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला. तिथे धोका पातळी ४५ फूट.

२०१९ साली राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या पुढे गेले आणि आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांच्या वर. २००५चा महापूर दोन्ही शहरांना तोंडपाठ होता. त्या वेळी सांगलीत पाणी जवळपास ५४ फुटांवर गेले होते. ‘२००५ला पाणी इथवर आलं होतं’ ही खूण धरून अनेकांनी सामान माळ्यावर टाकले, गाडी चौकातल्या उंचवट्यावर लावली आणि घरातच राहिले. पाणी ती खूण ओलांडून गेले.

पाऊस खरोखर अफाट होता, हे मान्य करूनच पुढे जायला हवे. महाबळेश्वर, कोयना, राधानगरी, गगनबावडा हा सगळा घाटमाथा जुलैअखेरपासून कोसळत होता. कोयना धरणात नऊ दिवसांत ५० टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी आल्याचे तत्कालीन मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी सांगितले होते. कोयनेची सगळी साठवण क्षमता १०५ टीएमसी, म्हणजे नऊ दिवसांत निम्मे धरण. त्यात या खोऱ्याची ठेवणच अशी, की घाटातून वेगाने उतरलेले पाणी सपाटीला आल्यावर रेंगाळते. पंचगंगा नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. कृष्णाच तुडुंब असली की पंचगंगेचे पाणी मागे तुंबते आणि फुगवटा शिरोळ तालुक्यात पसरतो. म्हणून पाऊस थांबला तरी गावे आठवडाभर पाण्यात राहिली. पुणे-बंगळूर महामार्ग कोल्हापूरजवळ बरेच दिवस बंद होता. पेट्रोल, दूध, पिण्याचे पाणी सगळ्याचीच टंचाई झाली. कोल्हापूर-सांगलीतून चार लाखांवर माणसे हलवावी लागली.

नेते कुठे होते

विधानसभेची निवडणूक ऑक्टोबरमध्ये होती आणि सगळे पक्ष रस्त्यावर होते. फडणवीसांची ‘महाजनादेश यात्रा’ १ ऑगस्टला अमरावती जिल्ह्यातल्या मोझरीतून निघाली होती. आदित्य ठाकरे यांची ‘जनआशीर्वाद यात्रा’ जुलैपासूनच सुरू होती. राष्ट्रवादी काँग्रेसची ‘शिवस्वराज्य यात्रा’ ६ ऑगस्टला शिवनेरीवरून निघाली, म्हणजे पंचगंगेने धोका पातळी ओलांडल्यानंतर. हे शेवटचे वाक्य फारसे कोणी उच्चारत नाही. विरोधी पक्षाने मुख्यमंत्र्यांना यात्रेवरून धारेवर धरले आणि धरायलाच हवे होते. पण पाणी चढत असताना कोणत्याच पक्षाने आपले वेळापत्रक आधी बदलले नव्हते. पुढे यात्रा थांबल्या. मुख्यमंत्र्यांनी हवाई पाहणी केली आणि सांगलीत लोकांना भेटायला गेले, तेव्हा त्यांना घोषणाबाजीला तोंड द्यावे लागले.

दिल्लीचे आणि वाहिन्यांचे लक्ष दुसरीकडेच होते. ५ ऑगस्टला कलम ३७०चा निर्णय झाला, ६ तारखेला सुषमा स्वराज यांचे निधन झाले. सांगलीच्या गावभागात माणसे पहिल्या मजल्यावर चढून बसली होती आणि राष्ट्रीय वाहिन्यांवर काश्मीरची चर्चा चालली होती. त्या दिवसांत या भागातल्या माणसांच्या मनात ‘आपलं कुणी नाही’ ही भावना का घर करून बसली, ते समजण्यासारखे आहे.

सांगलीचे पालकमंत्री सुभाष देशमुख हेच त्या वेळी राज्याचे मदत व पुनर्वसन मंत्री होते. कोल्हापूरचे पालकमंत्री चंद्रकांत पाटील महसूलमंत्री होते आणि नुकतेच भाजपचे प्रदेशाध्यक्ष झाले होते. महसूल, मदत व पुनर्वसन आणि जलसंपदा ही पुराशी थेट संबंध असलेली तिन्ही खाती या दोघांकडे आणि महाजनांकडे होती आणि तिघेही त्या दिवसांत याच भागात होते. म्हणजे माणसे हजर नव्हती, असे म्हणता येत नाही. हजर असूनही काय झाले, हे पाहावे लागते.

टीकेचे चार प्रसंग

महाजनांचा व्हिडिओ आधी घेऊ. आपण अडकलेल्या लोकांपर्यंत पोहोचायला निघालो होतो, असा खुलासा त्यांनी केला. ते पुराच्या पाण्यातून फिरत होते, हे खरेच आहे. मुंबईत बसून राहणाऱ्या मंत्र्यापेक्षा ते बरेच म्हणावे लागेल. पण चित्रीकरण करणाऱ्याला ‘बंद कर ते’ असे त्या बोटीत कोणीही म्हणाले नाही. बोटी कमी पडत असताना मंत्र्यासोबतचा लवाजमा बोटीत जागा अडवून बसतो आणि ते कोणाला खटकत नाही, हे त्या हसण्यापेक्षा मला जास्त गंभीर वाटते. धनंजय मुंडे यांच्यासह विरोधकांनी राजीनामा मागितला. राजीनामा झाला नाही आणि चर्चा तिथेच विरली.

दुसरा प्रसंग पाकिटांचा. धान्याच्या पिशव्यांवर मुख्यमंत्री आणि इचलकरंजीचे तत्कालीन आमदार सुरेश हाळवणकर यांच्या छायाचित्रांचे स्टिकर चिकटवलेले दिसले. ज्या आठवड्यात कोरडी काडेपेटी मिळत नव्हती, त्या आठवड्यात रंगीत स्टिकर छापून, कापून, पिशवीवर डकवायला माणसे आणि वेळ मिळाला. पूरग्रस्ताने ती पिशवी हातात घेतली की आधी चेहरा बघायचा आणि मग तांदूळ. हक्काची मदत कोणाच्या तरी मेहेरबानीची होऊन जाते, ती अशी. आपल्याकडे हा रोग कोणा एका पक्षाचा नाही. छत्री, वही, दिवाळीचा फराळ, सगळ्यावर चेहरा लागतो. पण पुरात तो उघडा पडला.

तिसरा प्रसंग शासन निर्णयाचा. पूरग्रस्त कुटुंबाला १० किलो गहू आणि १० किलो तांदूळ मोफत, पण घर दोन दिवसांहून अधिक काळ पाण्यात असले तर. हे वाक्य वाचून राज्यभर संताप झाला. घर एक दिवस बुडाले तर पीठ भिजत नाही का? सरकारने सांगितले की अट आधी आणखी कडक होती, आम्ही ती सैल केली. यात तथ्य होते. आपत्ती प्रतिसाद निधीच्या केंद्रीय निकषांत कपडे आणि भांड्यांच्या मदतीसाठी ‘दोन दिवसांहून अधिक’ हीच भाषा आहे. म्हणजे हे वाक्य कोणा मंत्र्याच्या मनातून उतरलेले नव्हते, ते फायलीतून आले होते.

पण मंत्री कशासाठी असतो? फायलीतले वाक्य बुडालेल्या घरासमोर उभे राहून वाचावे आणि ‘हे असे जाणार नाही’ म्हणावे, एवढ्यासाठीच. अधिकारी निकष मोडू शकत नाही, उद्या लेखापरीक्षणात त्याची मान अडकते. राजकीय नेतृत्वाला तो अधिकार असतो. तो वापरला गेला नाही, ही टीका नेमकी बसते. ‘सरकारला लाज वाटत नाही का’ या आरोळीपेक्षा ती जास्त टोचणारी आहे आणि तिच्यावर खुलासा देता येत नाही.

चौथ्यात चंद्रकांत पाटील. शिरोलीत पूरग्रस्तांशी बोलताना लोक मध्येच तक्रारी मांडू लागले तसा त्यांचा आवाज चढला. त्याचा व्हिडिओ फिरला. चार रात्री न झोपलेला माणूस मंत्र्यासमोर शिस्तीत बोलणार नाही, हे राजकारणात आयुष्य काढलेल्या नेत्याला कळायला हवे. ऑक्टोबरच्या निवडणुकीत पाटील पुण्याच्या कोथरूडमधून उभे राहिले आणि निवडून आले. कोल्हापुरात ते अनेकांना लागले.

ब्रह्मनाळ

आता दुसऱ्या बोटीकडे वळू. ब्रह्मनाळ हे कृष्णा आणि येरळा यांच्या संगमाजवळचे गाव. नदी वाढली की गावाला वेढा पडतो आणि रस्ता तुटतो. हे २००५ला झाले होते आणि गावातल्या शाळकरी पोरालाही ठाऊक होते. गावाची एक बोट होती, ग्रामपंचायतीची. सरकारी मदत वेळेत पोहोचली नाही म्हणून गावानेच लोक बाहेर काढायला सुरुवात केली. काही फेऱ्या नीट झाल्या. आपल्याला मागे टाकून बोट जाईल या भीतीने पुढच्या फेरीत क्षमतेपेक्षा जास्त माणसे चढली. लाइफ जॅकेट नव्हती. पंख्यात फांदी अडकल्याचे, तोल गेल्याचे वाचलेल्यांनी सांगितले. किनारा दिसत असताना बोट उलटली.

या घटनेवर ‘बोटीत जास्त लोक बसले’ हे कारण लगेच देऊन टाकले गेले. कारण खरे आहे, पण ते शेवटचे कारण आहे. त्याच्या आधीची कारणे बघायला हवीत. वेढा पडणाऱ्या गावांची यादी तहसील कार्यालयात असते. दर वर्षी मे महिन्यात मान्सूनपूर्व आढावा बैठक होते, पालकमंत्री तिचे अध्यक्ष असतात, दुसऱ्या दिवशी ‘प्रशासन सज्ज’ अशी बातमी येते. त्या सज्जतेत ब्रह्मनाळसाठी किती बोटी होत्या? चालवणारा प्रशिक्षित होता का? लाइफ जॅकेट कोणाच्या ताब्यात होती? कोयनेचा विसर्ग वाढवताना ‘आज संध्याकाळपर्यंत गाव रिकामे करा’ असा नुसता मेसेज गेला, की कोणी तलाठी दारोदार फिरला? एनडीआरएफ (राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल), लष्कर आणि नौदलाची माणसे आली आणि त्यांनी हजारो जीव वाचवले. पण ती येईपर्यंत महामार्ग बंद होता, काही पथके विमानाने आणावी लागली. संकट आल्यावर पथक मागवणे आणि संकटाआधी पथक आणून ठेवणे, यात मधले दोन दिवस जातात. ब्रह्मनाळची माणसे त्या दोन दिवसांत गेली.

महाजनांच्या हसण्यावर जेवढे बोलले गेले, त्याच्या दहाव्या हिश्श्यानेही या प्रश्नांवर बोलले गेले नाही. हसण्यावर बोलायला व्हिडिओ होता. मे महिन्यातल्या बैठकीचा व्हिडिओ कोणी बघत नाही.

अलमट्टीचे बोट

पूर ओसरायच्या आत बोट कर्नाटकाकडे वळले. कृष्णेवर खालच्या अंगाला, कर्नाटकात असलेल्या अलमट्टी धरणातून पाणी सोडत नाहीत म्हणून सांगली बुडते, हे या भागातल्या चहाच्या टपरीपासून विधानसभेपर्यंत सगळीकडे ऐकू येते. फडणवीसांनी कर्नाटकाचे मुख्यमंत्री येडियुरप्पा यांच्याकडे विसर्ग वाढवण्याची मागणी केली आणि तो पाच लाख क्युसेकच्या (सेकंदाला घनफूट) घरात गेला. त्या वेळी कर्नाटकात येडियुरप्पा २६ जुलैला शपथ घेऊन एकटेच मंत्रिमंडळ चालवत होते, बाकीचे मंत्री २० ऑगस्टला आले. बेळगाव जिल्हा स्वतःच पाण्यात होता. दोन्ही राज्यांत एकाच पक्षाचे मुख्यमंत्री, केंद्रातही तोच पक्ष. तरीही धरणांच्या विसर्गाचा मेळ बसवायला पूर यावा लागला.

राज्याने निवृत्त प्रधान सचिव नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिने मे २०२० मध्ये अहवाल दिला. अलमट्टी धरण आणि कर्नाटकातलाच हिप्परगी बंधारा हे या महापुराचे कारण नाहीत, अतिवृष्टी आणि पूरपट्ट्यातली अतिक्रमणे ही मुख्य कारणे आहेत, असा तिचा निष्कर्ष होता. तो सगळ्यांना पटला नाही. या भागातल्या आंदोलकांनी आणि काही अभ्यासकांनी त्यावर आक्षेप घेतले. वाद प्रामाणिक आहे आणि अलमट्टीची उंची ५१९.६० मीटरवरून ५२४ मीटरपर्यंत नेण्याचा विषय डोक्यावर असताना तो चालूच राहणार.

माझे म्हणणे एवढेच, की नेत्यांसाठी अलमट्टी ही सोयीची जागा झाली. दोष राज्याच्या हद्दीबाहेर ठेवला की हद्दीतले प्रश्न विचारले जात नाहीत. कोयना, वारणा, राधानगरी, दूधगंगा ही आपलीच धरणे. ऑगस्टच्या सुरुवातीला त्यांत पुराचे पाणी पोटात घ्यायला किती जागा शिल्लक ठेवली होती? उन्हाळ्यात पाणी कमी पडले तर शेतकरी आणि वीज मंडळ दोघेही ओरडतात, म्हणून धरण लवकर भरून घेण्याकडे कल असतो. तो कल चुकीचा म्हणता येत नाही, पण त्याची किंमत खाली नदीकाठी मोजली जाते. ही तारेवरची कसरत अभियंत्याने एकट्याने करायची नसते. किती धोका पत्करायचा, हा राजकीय निर्णय आहे आणि तो जुलैमध्ये घ्यायचा असतो.

चौदा वर्षे

२००५ ते २०१९ या काळात राज्यात काँग्रेस-राष्ट्रवादीचे सरकार सुमारे नऊ वर्षे होते आणि भाजप-शिवसेनेचे पाच वर्षे. कोल्हापूर आणि सांगलीतून या काळात वजनदार मंत्री निघाले, जलसंपदेपासून गृहखात्यापर्यंत. नदीकाठच्या पूररेषा दोन. निळी रेषा म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची हद्द, लाल रेषा म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. या रेषा नकाशावर असतात. जमिनीवर काय झाले, ते जयंती नाल्याच्या काठी, नागाळा पार्कच्या खालच्या अंगाला, सांगलीत शामरावनगरात जाऊन पाहावे. सखल जमीन, कधी ओढ्याच्या पोटातली, भरावाने उचलली आणि तिथे वसाहती उभ्या राहिल्या. तिथे राहणारे बहुतेक मध्यम आणि गरीब घरचे, गुंठेवारीत आयुष्यभराची पुंजी घालून बसलेले. पुराने पहिला घास त्यांचाच घेतला.

कोल्हापूरजवळची प्रयाग चिखली आणि आंबेवाडी ही गावे जुन्या पुरांनंतर सोनतळीला हलवायचे ठरले होते. जागाही दिल्या गेल्या. तरी मूळ गावे नांदतच राहिली, कारण शेत इथे, गोठा इथे, नदी इथे. नुसती जागा देऊन गाव हलत नाही. त्यासाठी कोणीतरी दहा वर्षे त्या गावाच्या मागे लागावे लागते, आणि दहा वर्षांच्या कामाची फीत पाच वर्षांच्या आत कापता येत नाही.

मतपेटी आणि नंतर

सरकारने १३ ऑगस्टला केंद्राकडे ६,८१३ कोटींची मागणी करण्याचे ठरवले, त्यातला मोठा हिस्सा कोल्हापूर, सांगली, साताऱ्यासाठी. ऑक्टोबरमध्ये मतदान झाले. कोल्हापूर जिल्ह्यातल्या दहा जागांपैकी शिवसेनेकडे आधी सहा होत्या, एक उरली. भाजपच्या दोन होत्या, एकही उरली नाही. स्टिकरवर चेहरा असलेले हाळवणकर इचलकरंजीत प्रकाश आवाडे यांच्याकडून हरले. सांगली आणि मिरजेत मात्र भाजपच निवडून आला, आणि पाणी तिथे काही कमी चढले नव्हते. पुराने निकाल लावला असे सरसकट म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. कोल्हापुरात युतीतली भांडणे, काँग्रेसची बांधणी, स्थानिक घराणी हे सगळे होते. संताप त्यात मिसळला.

सरकार बदलले. नवे जलसंपदा मंत्री जयंत पाटील याच नदीकाठचे. जून २०२१ मध्ये ते बंगळूरला जाऊन येडियुरप्पांना भेटले, विसर्गाची माहिती वेळच्या वेळी एकमेकांना देण्याचे ठरले. एनडीआरएफची पथके पावसाळ्यात आधीच आणून ठेवण्याची पद्धत पडली. पुढच्याच महिन्यात पुन्हा महापूर आला. राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५६ फुटांवर गेले, २०१९हून जास्त. सांगलीत ते ५५ फुटांच्या आसपास राहिले. या वेळी माणसे लवकर हलली, गावोगावचे पुढारी स्वतःहून बाहेर पडायला सांगत फिरले. २०१९च्या टीकेतून काही निघाले असेल, तर ते हे.

३० जुलै २०२१ला कोल्हापुरात शाहूपुरीत मुख्यमंत्री उद्धव ठाकरे आणि विरोधी पक्षनेते फडणवीस समोरासमोर आले, रस्त्यातच दोन शब्द बोलले. दोन वर्षांत खुर्च्या बदलल्या होत्या. पूररेषेतल्या बांधकामांबाबत कठोर निर्णय घ्यावे लागतील, असे ठाकरे या दौऱ्यात म्हणाले.

पण त्यांच्याच सरकारने डिसेंबर २०२० मध्ये राज्यासाठी एकत्रित विकास नियंत्रण नियमावली मंजूर केली होती. निळ्या आणि लाल रेषेच्या मधल्या पट्ट्यात, जोते लाल रेषेच्या वर घेण्याच्या अटीवर, तिने बांधकामाला परवानगी दिली. वडनेरे समितीने पूरपट्ट्यातल्या अतिक्रमणांकडे बोट दाखवून तेव्हा सात महिने झाले होते. जोते उंच केले की ते घर वाचते. त्या भरावाने हटवलेले पाणी शेजारच्या जुन्या, बसक्या घरात शिरते. या नियमावलीवर कोणी राजीनामा मागितला नाही, विधानसभेत गदारोळ झाला नाही, एकही व्हिडिओ फिरला नाही. ती आजही लागू आहे, आणि महापालिकेच्या नगररचना विभागात तिच्या आधारे परवान्यासाठी अर्ज करता येतो.